चौऱ्याण्णव सेंटिमीटर

मी चौकट बोलतेय. दाराची नव्हे हो! चार लाकडी खुंट्या आणि सुती दोरी, एवढाच माझा संसार. प्रत्येक बाजू बरोब्बर एक मीटर. निदान जन्मले तेव्हा तरी होती.

मला बांधलं ते वर्गातले सगळे जिला ‘ढापणी’ म्हणत त्या मुलीनं. तिला कॉलेजचा प्रकल्प करायचा होता. तळ्याकाठी जिथं माणसांची ये-जा जास्त, तिथं रानरोपं कमी उगवतात का? तिनं नकाशा काढला, चिठ्ठ्या टाकून बारा जागा ठरवल्या. दर रविवारी सकाळी मला त्या जागांवर मांडायचं आणि माझ्या आतली रोपं मोजायची.

जोडीला एक मैत्रीण होती. पहिल्याच रविवारी तिला डास चावले आणि ती जी गेली ती गेलीच. मग ढापणी माझ्याशीच बोलायला लागली. “अगं, नीट बस ना जरा!” मला कोण आनंद व्हायचा!

चिखलात भिजायचं, प्रयोगशाळेच्या खिडकीत वाळायचं, असे तीन महिने गेले. “हल्ली किती ताठ बसतेस गं,” ती कौतुकानं म्हणायची. मी वेडी खूश! खरं तर भिजून भिजून मी आखडत चालले होते.

अहवाल तयार झाला. विभागातून विद्यापीठाच्या स्पर्धेला तिचा एकटीचाच जाणार होता. फोटोसाठी तिनं मला फरशीवर मांडलं, सहज मीटरपट्टी लावली आणि मग पुन्हा एकदा लावली. चौऱ्याण्णव सेंटिमीटर! मी कधीपासून आखडले ते कुणालाच ठाऊक नाही, म्हणजे एकही आकडा भरवशाचा नाही. खोलीत आम्ही दोघीच होतो. खरं सांगते, तिनं गप्प बसावं असंच मला वाटत होतं.

ती मला उचलून थेट सरांकडे गेली.

“सर, दोरी आटलीय. पहिल्या दिवशी मोजली होती, नंतर मोजलीच नाही.”

सरांनी स्वतः मला पट्टी लावून पाहिली. “मग यंदा अहवाल जायचा नाही. पुढच्या मोसमात पाइपची चौकट करू, पुन्हा पहिल्यापासून. आणि दर वेळी मोजायची.”

“हो, सर,” म्हणताना तिचे डोळे भरून आले होते.

आता रविवारी तिच्याबरोबर पाइपवाली जाते. मी प्रयोगशाळेत खिळ्यावर. गळ्यात चिठ्ठी, ‘९४ सेंमी. वापरू नये.’ नवी मुलं येतात, चिठ्ठी वाचतात, पुढे जातात.

बाबांनो, वापरू नका, कबूल. पण एकदा मोजून तरी बघा ना. तेवढ्यापुरता कुणाचा तरी हात लागेल.