एकसारखी उत्तरं

ठाण्याच्या बाईचा फोन आला की संजीवनी मोबाइल पालथा घालायची. शेवटी तिनं नंबरच ब्लॉक केला.

दुसरबीडच्या मेन रोडवर, रसवंती अन् टायरवाल्याच्या मधल्या गाळ्यात तिचं कॉम्प्युटर सेंटर होतं. ऑनलाइन अर्ज, झेरॉक्स, मराठी टायपिंग. गाळा सासऱ्यांचा, अन् सासरे अर्जुनराव तो खताच्या दुकानदाराला द्यायला टपून बसलेले. त्यांनी तंबीच दिली होती, "आनखी एक नोटीस येऊ दे, मंग शटरले माहं कुलूप."

नोटीस म्हणजे काय ते आधी ऐका. दोन वर्षांपूर्वी परगावच्या एका कंपनीनं संजीवनीला टायपिंगचं काम दिलं. पानंच्या पानं करून घेतली अन् मग वकिलाच्या लेटरहेडवर कळवलं, तुमच्या कामात चुका आहेत, करार मोडला, भरपाई द्या, नाहीतर कोर्टात या. त्या कंपनीला काम नकोच होतं, चुका हव्या होत्या. धंदाच तो. असली लुटारू पिलावळ देशभर एसीत बसलीय अन् खेड्यातल्या शिकलेल्या सुनांच्या भीतीवर जेवतेय. मेहकरच्या वकिलानं सांगितलं, फाडून टाका. संजीवनीनं फाडली. पण पोस्टमन दिसला की ती अजून शटर अर्धं खाली ओढायची.

म्हणून याएल वाक्रुळकर नावाच्या बाईनं ठाण्याहून कामासाठी फोन केला तेव्हा संजीवनीला पहिला संशय नावाचाच आला. आडनाव कोकणातलं, मराठी आपल्यापेक्षा स्वच्छ, अन् म्हणे ज्यू.

"ज्यू म्हंजे इस्रायलचे ना वो तुमी?"

"आम्ही रायगडचे," बाई हसली. "बेने इस्रायल म्हणतात आम्हाला. पणजोबांचा तेलाचा घाणा होता. शनिवार आमचा धर्माच्या सुट्टीचा, तेव्हा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं."

हे अर्जुनरावांच्या कानावर घातलं तर ते खुर्चीत सरसावून बसले.

"तेली म्हनते अन् नाव फिरंगी सांगते? बाटवाबाटवी असन. आधी पोथी देतात, मंग पैसे देतात, मंग तुमचा देव उचलून नेतात."

"मामाजी, ते कोनालेच आपल्या धर्मात सहजी घेत नाईत म्हने."

"मंग तं अजूनच डेंजर. त्यायचा फायदा काय?"

आपल्याकडे हा शेवटचा प्रश्न. फायदा दिसला नाही की समोरचा चोर ठरतो. मग त्याचं कोणी ऐकत नाही.

काम असं होतं. याएलबाई अन् त्यांच्यासारखे काहीजण मिळून ज्यू मुलांसाठी एक ऑनलाइन ग्रंथालय उभं करत होते. ही मुलं एका साच्यातल्या घरांतली नव्हती. कुठे सगळे नियम पाळतात, कुठे अर्धेमुर्धे, कुठे एकही नाही. कुठे देवळात बाया वेगळ्या माडीवर बसतात, तर कुठे मुलगीच उभी राहून तोरा, म्हणजे त्यांचा धर्मग्रंथ, वाचते. मुलांनी हे सगळं वाचावं अन् आपापलं ठरवावं, असा बेत. त्यासाठी घरोघरच्या म्हाताऱ्या माणसांना तेच ते प्रश्न विचारून त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलं होतं. ते ऐकून टाइप करायचं होतं.

टायपिंग पहिल्यापासून समता करायची. गावाच्या कडेच्या वस्तीतली, बी.ए. झालेली, एकदा हेडफोन घातला की शेजारी भांडण झालं तरी न उठणारी. पहिल्याच आठवड्यात तिनं हेडफोन मानेवर ओढला.

"ताई, हे पाहा ना. शुक्रवारी सांजच्याले घरात दिवा कोन लावते, असा प्रश्न आहे. एक म्हनते आईच लावते. एक म्हनते बापबी लावू शकते. एक म्हनते दिवा तेलाचाच पाहिजे, मेणबत्ती नाई चालत. अन् ही ठाण्याची आजी तं म्हनते, मी देवबीव मानत नाही, पण दिवा लावते, आई लावायची म्हणून."

समताला हसू येत होतं. संजीवनीला त्यात धोका दिसला.

कारण संजीवनीचा जन्म गेला होता कागद जुळवण्यात. आधारवर एक जन्मतारीख अन् शाळेच्या दाखल्यावर दुसरी, अर्ज बाद. माहेरचं नाव इथे, सासरचं तिथे, बाद. पीकविमा, शिष्यवृत्ती, विधवा बाईची पेन्शन, सगळं अशा एखाद्या न जुळण्यावर अडकतं, अन् अडकवणारा साहेब वर म्हणतो, तुमच्याच लोकांना नीट सांगता येत नाही. एका प्रश्नाला दोन उत्तरं म्हणजे त्यातलं एक खोटं, अन् खोट्याचा भुर्दंड अर्ज भरणाऱ्याला. याच्यापलीकडे तिला दुसरं काही माहीतच नव्हतं.

"हे मुद्दाम टाकलं त्यायनं," ती म्हणाली. "सापळा आहे. आपून पकडतो का नाई, पाहून राह्यले. नाई पकडलं तं नोटीस."

"पन त्या बाई बोलल्या होत्या ना, जसं आहे तसंच टायपा म्हनून."

"ते सगळेच म्हनतात बाई. मागच्यानं नव्हतं म्हटलं?"

समतानं हेडफोन परत कानाला लावला अन् ती जसं ऐकलं तसं टाइप करत राहिली. ती जेवायला घरी गेली की संजीवनी फायली उघडायची अन् जुळवायला बसायची. सगळ्या घरांत आईच दिवा लावू लागली. सगळे दिवे तेलाचे झाले. मुलगी तोरा वाचत होती तिथे मुलगा वाचू लागला. अन् ठाण्याच्या त्या आजीच्या नावावर तिनं लिहिलं, 'देवावर श्रद्धा ठेवून मी दिवा लावते.' फार शोभून दिसलं तिला ते वाक्य. पान न् पान एकमेकांशी जुळलं तेव्हा तिनं सगळं ठाण्याला पाठवलं अन् निवांत झोपली.

अन् मग ते फोन सुरू झाले.

नंबर ब्लॉक केल्यावर चार दिवस शांततेत गेले. पाचव्या दिवशी दुपारी जालन्याच्या एसटीतून एक साठीची बाई उतरली. सुती पंजाबी ड्रेस, पाठीवर सॅक, चेहरा धुळीनं भुरा झालेला. पाटी वाचत वाचत ती थेट गाळ्यात शिरली. अर्जुनराव बाहेर खुर्ची टाकून बसलेले, ते मान वळवून बघत राहिले.

"संजीवनीताई कोण?"

"त्या मेहकरले गेल्या," संजीवनी म्हणाली.

"तीन महिने तुमच्याशी फोनवर बोलतेय मी. आवाज ओळखू येणार नाही का?"

समतानं मान खाली घातली. बाईनं सॅक उतरवून टेबलावर ठेवली. आता वकिलाचा कागद निघतो, म्हणून संजीवनी चेनकडे बघत राहिली. निघाली पाण्याची बाटली, तीही रिकामी. समतानं उठून माठातलं पाणी दिलं.

"मला वाटलं, तुम्ही फसवून पळालात," याएल पाणी पिऊन म्हणाली. "रविवारी ग्रंथालय सुरू होतंय. आईला तिचं पान वाचून दाखवलं. ही दिव्याबद्दल बोलणारी आजी माझी आई आहे. चौऱ्याऐंशी वर्षांची. तिनं मला जे झापलंय! म्हणाली, ठाण्यात कोणाला जमलं नाही, मग मला देवभोळी केली कोणी? तिला आधी जाऊन भेट. मग मी बाकीची पानं आवाजाशी ताडून पाहिली, तर तीही बदललेली."

"नोटीस आनली का?" बाहेरून अर्जुनराव.

"कसली नोटीस?"

"सोंग नका करू!" संजीवनीचा तोल गेला. "सापळा तं तुमीच लावला होता. एका प्रश्नाले चार चार उत्तरं असतात का कुठं? आमी चुकावं म्हनूनच टाकली ना ती? खेड्यातल्या बाया, यायले काय समजते, असंच वाटलं ना?"

याएल मग स्टुलावर बसली.

"ती उत्तरं खरी आहेत हो. सगळीच्या सगळी. मी लहान होते तेव्हा आमच्या देवळात विचारलं, मी तोरा वाचू? म्हणाले, मुली वाचत नाहीत. विषय संपला. म्हातारपण आलं तेव्हा मला कळलं, की आमच्यातच दुसरीकडे मुली वाचतात. मला कोणी दाखवलंच नव्हतं. पुढच्या पोरींना दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप. अन् तुम्ही काय केलंत? त्या मुलीचा मुलगा करून टाकलात."

 तरीही संजीवनीची नजर एकदा सॅककडे गेलीच.

"आवाज आहेत आमच्याकडे," याएल थकून म्हणाली. "पण पुन्हा ऐकून टाइप करायला महिने जातील. रविवारचं राहिलं आता."

"नाई राह्यत," समता म्हणाली. "माह्याजवळ आहे सगळं. मी जसं टाइप केलं तसं. पहिल्या दिवसापासून कॉपी ठेवून राह्यली मी."

"काऊन?" संजीवनी गर्रकन वळली. "माह्या पाठीमागं?"

"हाव, पाठीमागं. मागची नोटीस आलती तवा मामाजीनं तुमाले विचारलं, चुका कोनाच्या? तुमी म्हटलं, समताच्या. मी झेरॉक्स मशीनच्या मांगं कागद भरून राह्यली होती ताई. सगळं आयकलं. तवाच ठरवलं, आपलं काम आपल्याजवळ ठेवाचं."

दोष ढकलायला प्रत्येक गावात एक वस्ती तयारच असते. संजीवनीनं तेव्हा फार विचार केला नव्हता. विचार करावा लागत नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं असतं. आता मात्र ती टेबलाची कड धरून उभी राहिली, अन् समता तिच्याकडे न बघता याएलला फायली पाठवत राहिली.

याएलनं मोबाइलवर आईचं पान उघडून वाचलं अन् एकटीच हसली. "हीच. हीच माझी आई." मग समताला म्हणाली, "पानाखाली सांगणाऱ्याचं नाव असतं, टाइप करणाऱ्याचंही. पूर्ण नाव सांग."

"समता भीमराव इंगळे."

"पुढचं काम याच सेंटरला देते," याएल संजीवनीला म्हणाली. "पण समताच्या फायली थेट मला येतील. मध्ये कोणी हात लावायचा नाही. जमेल?"

"जमन," संजीवनी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

बाई जालन्याच्या गाडीनं गेली. धूळ बसायच्या आत अर्जुनराव गाळ्यात.

"नोटीस नाई म्हंजे?"

"नाई."

"खतवाल्याले मंग औंदा नाई म्हनून सांगावं लागन." ते नाराज झाले. "पन चुका कोनाच्या होत्या? हिच्याच ना?"

समता तिथंच, हाताच्या अंतरावर बसलेली.

"माह्या होत्या, मामाजी. सगळ्या माह्या. अन् मागच्या टायमाले मी तिचं नाव खोटं घेतलं."

अर्जुनरावांनी सुनेला खालून वर न्याहाळलं. "त्या बाईनं तुले काही खायले देल्लं का?"

"नाई."

"पानी?"

"तिनंच आपल्या माठातलं पेलं."

"मंग काऊन अशी बोलून राह्यली वं?" म्हणत ते बाहेर गेले, अन् बाई बसली होती ते स्टूल जाता जाता पायानं दूर सरकवलं.

संजीवनी समताच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. याएलनं गाडीतूनच पाठवलेलं नवीन रेकॉर्डिंग आलं होतं. समतानं ते डाउनलोड केलं, आधी आपली वेगळी कॉपी केली, ती नीट उघडते का ते पाहिलं, अन् मग हेडफोन कानाला लावला. संजीवनीनं सगळं बघितलं. मग तिनं ते स्टूल उचलून परत जागेवर ठेवलं.