बर्फावर टाकलेला डावा हातमोजा

मी आइस हॉकीचा एक जुना हातमोजा आहे, मित्रांनो, आणि तोही डावा. क्विबेकमधल्या एका कारखान्यात एका बाईने जाड कातड्यात नमदा भरून मला शिवले. माझ्या जोडीला उजवा भाऊ होता. आम्हा दोघांना पेटीत घालून सस्कॅचवानमधल्या बेल्कोट नावाच्या लहानशा गावी धाडले. तिथल्या संघात एकोणीस वर्षांचा ओरेस्ट हलुश्का नुकताच आला होता. त्याने मला हातात चढवले, मूठ उघडली, मिटली आणि म्हणाला, "बरा आहेस." माझे पहिले कौतुक ते.

ओरेस्टला काठीने रबरी चकती जाळ्यात धाडून गोल करायचे होते. पण चौथ्याच सामन्यात समोरच्या संघातल्या एका दांडगटाने आमच्या खेळाडूला मैदानाभोवतीच्या लाकडी कठड्यावर आदळले. तेव्हाचे कोच डन्फी बाकावरून उठलेही नाहीत.

"हलुश्का, जा. बघ जरा त्या दांडगटाकडे."

मारामारी करायची तर आधी हातमोजे टाकायचे, अशी त्या खेळाची रीत. ओरेस्टने आम्हाला बर्फावर टाकले आणि तो उघड्या मुठींनी भिडला. मी पालथा पडलो होतो. मला फक्त लोकांचा ओरडा ऐकू आला. सगळे त्याचेच नाव घेत होते.

त्या दिवसापासून त्याचे काम ठरून गेले. अकरा वर्षे तो संघाच्या बसमधून गावोगाव हिंडला, बाकावर बसून राहिला आणि डन्फींनी मान हलवली की उठला. गोल केले एकूण नऊ. मला किती वेळा टाकले, ती मोजदाद मी सोडून दिली. त्याची बोटे मोडली, जुळली, वाकडी जुळली. माझ्यात शिरताना ती अडखळू लागली.

"शर्टाची बटणं मी लावून द्यायची," त्याची बायको डार्या एकदा म्हणाली, "आणि गाव म्हणे तुझ्या हातांना घाबरतं."

तो हसला नाही.

तिसाव्या वर्षी संघाने त्याला नारळ दिला. तो धान्याच्या कोठारावर कामाला लागला आणि आम्ही तळघरात गेलो. उजव्या भावाला उंदरांनी पोखरून संपवले. मी सहा हिवाळे ओल खात पडून होतो. मग एका सकाळी ओरेस्टने मला वर आणून वाळवले. डार्याने माझ्या तळव्याला नवे कातडे शिवले. संघ हरत सुटला होता, कोच व्हायला कोणी तयार नव्हते आणि मालक मॅकरे यांनी ओरेस्टला विचारले होते. त्याने एकच अट घातली.

"मारायला मी कुणाला पाठवणार नाही."

"अरे, लोक मारामारी बघायलाच तर येतात," मॅकरे म्हणाले.

"मग त्यांना दुसरं काहीतरी दाखवू."

संघात रेमी गॉल्ट नावाचा बावीस वर्षांचा ताडमाड गडी होता. त्यालाही आजवर सगळ्यांनी भिडायलाच वापरले होते. रोज सराव संपला की ओरेस्ट मला घालून त्याला गोलजाळ्यासमोर उभा करायचा आणि मागून काठीने ढोसायचा.

"वळायचं नाही. ढोसणाऱ्याला ढोसू दे. तुझी नजर चकतीवर."

"कोच, हे शिकायचं माझं वय गेलं आता."

"माझं गेलं होतं. तुझं नाही."

हंगामाचा शेवटचा सामना आला. जिंकलो तर पुढची फेरी, नाहीतर घर. बरोबरी चालू असतानाच रेमीचा डावा हातमोजा फाटला. ओरेस्टने पिशवीतून मला काढून त्याच्या हातात चढवले. निळ्या पोशाखावर मी तपकिरी, लोक हसले. थोड्याच वेळात समोरच्या एका धिप्पाड खेळाडूने रेमीला पाठीमागून कठड्यावर हाणले. रेमी उठला, रक्त थुंकला. प्रेक्षक उभे राहिले.

"होऊन जाऊ दे, रेमी," बाकामागून मॅकरे ओरडले.

माझ्यातली बोटे सैल झाली. तो क्षण माझ्या चांगल्या ओळखीचा होता. आता मी पडणार.

"रेमी, हातमोजे हातातच राहू देत," ओरेस्ट म्हणाला. आवाजही चढवला नाही त्याने.

बोटे थांबली आणि मग काठीवर घट्ट आवळली गेली.

पंचांनी हाणणाऱ्याला शिक्षा म्हणून दोन मिनिटे बाहेर बसवले, त्यांचा एक गडी कमी झाला. रेमी जाळ्यासमोर जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीवर, कमरेवर, घोट्यांवर काठ्या बसत होत्या. तो वळला नाही. आमच्या गड्याने लांबून मारलेली चकती आली, त्याच्या काठीला चाटून जाळ्यात गेली. तो सामना आम्ही जिंकलो.

पुढच्या फेरीत आम्ही सपाटून हरलो. मॅकरे कुरकुरत राहिले. पण ओरेस्ट त्यानंतर चौदा वर्षे त्या बाकामागे उभा राहिला, आणि त्याच्या सांगण्यावरून एकही हातमोजा बर्फावर पडला नाही.

मित्रांनो, खेळ संपला की आम्हाला ओलेच पिशवीत कोंबू नका. मोकळ्या हवेत वाळवा, टाका उसवला तर वेळीच घाला. आम्ही वर्षानुवर्षे टिकतो. आतल्या हाताचे तसे नसते. म्हणून कुणी तुम्हाला "जा, मार" म्हणाले, तर निघण्याआधी एकदा मागे वळून पाहा, की सांगणारा स्वतः कुठे बसला आहे.