शनिवारचं वजन

पहिल्या शनिवारी, एक जुलैला, अलकाचं वजन एकसष्ट पौंड भरलं. मी तारीख आणि आकडा वहीत लिहिला आणि गोणपाटाच्या पिशवीत सत्तावन्न पौंड वाळू भरली.

भाग्यलक्ष्मी टीचरांच्या नृत्यशाळेचा १९६१ सालचा कार्यक्रम दहा सप्टेंबरला होता आणि त्यात त्यांनी बॅले बसवायला घेतला होता. गोष्ट एका जुन्या इंग्रजी पुस्तकातली होती. कॅन्टोन्मेंटच्या कॉन्व्हेंटमधल्या मुली ते पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या वाचत आल्या होत्या, टीचरही त्यांतल्याच एक. भावाचा गेलेला आवाज परत मागायला एक मुलगी पाखरांच्या राजाकडे निघते. वाटेत सात पाखरं तिला एकेक पीस देतात, आणि सातवं पीस मिळालं की ती उडते. टीचरांना ती खरोखर उडायला हवी होती. मी त्याच वर्षी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि नोकरीसाठी अर्ज पाठवत घरी बसले होते. टीचर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडे, चामराजपेटातच राहत. त्यांनी मला बोलावून घेतलं.

योजना साधी होती. वर तुळईला दोन कप्प्या, त्यांवरून जाणारी दोरी. दोरीच्या एका टोकाला पट्टा बांधलेली अलका, गोष्टीतली मुलगी तीच होणार होती, दुसऱ्या टोकाला विंगेत वाळूची पिशवी. पिशवी मुलीपेक्षा चार पौंडांनी हलकी ठेवायची. म्हणजे पिशवीकडची दोरी जराशी ओढली की मुलगी वर जाते आणि सैल सोडली की आपल्याच वजनानं सावकाश खाली येते. दोरीवर मल्लाप्पा होता. तो गोकाककडचा, तीस वर्षं नाटक कंपन्यांत पडदे ओढलेला.

"कंपनीत मी देव उडवलेत, बाई," तो पहिल्या दिवशी मला म्हणाला. "त्या देवांची पोटं बघितली असती तर तुम्ही ही वही टाकून पळाला असता. ही तर चिमणी हाय."

वाढत्या वयाच्या मुलीचं वजन बदलतं, म्हणून दर शनिवारी तालमीआधी मी अलकाला माल तोलायच्या काट्यावर उभी करायची आणि त्याप्रमाणे वाळू कमीजास्त करायची. काही आठवड्यांनी वाळू वाढवावी लागेल असा माझा अंदाज होता. ती अकरा वर्षांची होती.

आठ जुलैला साठ भरले. पंधराला एकोणसाठ. बावीसला साडेसत्तावन्न. मी काटा तपासला. टीचरांच्या घरातली तांब्याची घागर ठेवून पाहिली, तिचं वजन दर वेळी तेच येत होतं. काट्यात दोष नव्हता. मी पिशवीचं तोंड सोडून दीड पौंड वाळू बादलीत काढली.

टीचर खूश होत्या. "बघ जमना, हिचे पाय जमिनीला लागतच नाहीत," त्या म्हणायच्या. ते खरं होतं. अलका दर आठवड्याला आणखी सुंदर नाचत होती. गालांवर लाली असायची, डोळे चमकायचे. मृदंग थांबला की ती खांबाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून खोकायची, ओठ पुसायची आणि परत जागेवर येऊन उभी राहायची. पट्टा बांधताना माझा हात तिच्या पाठीला लागायचा. संध्याकाळी साडेपाचला ती पाठ गरम असायची आणि सकाळच्या तालमीला गार. हे मी तीन वेळा पाहिलं, मग वहीत वजनाशेजारी लिहायला लागले.

सव्वीस ऑगस्टला बावन्न भरले. बादली जवळपास भरली होती.

त्या दिवशी मी तिच्या घरी गेले. तिचे वडील विठोजी यांचं शिलाईचं दुकान होतं, मागे दोन खोल्या, शेजारी छापखाना. दुपारभर छपाईचं यंत्र चालायचं आणि भिंतीवरची भांडी किणकिणत राहायची. अलकाच्या आईनं, रत्नाबाईंनी, मला कॉफी दिली.

"नऊ पौंड उतरलंय तिचं वजन," मी म्हणाले. "दोन महिन्यांत."

"वाढीचं अंग आहे, जमनाक्का. उंच होतेय, म्हणून स्वल्प सुकलीय."

"उंचीही मोजलीय मी. अर्धा इंच सुद्धा वाढली नाही. संध्याकाळी तिचं अंग गरम असतं."

"नाचून गरम होणार नाही तर काय गार होईल? तुम्ही कॉलेजात शिकलात, तुम्हाला माणसात आधी रोगच दिसतो." त्या हसल्या आणि त्यांनी माझी कपबशी कॉफी संपायच्या आतच उचलली.

"छातीचा फोटो काढून घ्या. आता गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत. वेळेत गेलं तर मुलं बरी होतात."

त्या उठल्या आणि मधलं दार लोटून आल्या. मग खाली बसून हलक्या आवाजात बोलल्या. "थोरल्या चंद्राला बघायला हुबळीचे लोक येणार आहेत. धाकटी नाचते हे त्यांना कळलंय, म्हणून मुद्दाम दहा तारीख धरलीय. नाच बघतील, दुसऱ्या दिवशी बोलणी. घरातली एक पोर छातीनं आजारी आहे म्हटल्यावर दुसरीला कोण करून घेईल? चंद्राला तेविसावं लागलंय. दहा तारीख होऊ दे, अक्का. अकराला मी स्वतः तिला घेऊन जाते."

"मध्ये दोन आठवडे आहेत."

"दोनच तर आहेत."

मी टीचरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. आईच म्हणतेय तर आपण कोण, आणि आता दुसरी मुलगी उभी करायला वेळ कुठे आहे, असं म्हणाल्या. मीही पुढे बोलले नाही. खरं सांगायचं तर कप्प्यांची ती योजना माझी होती आणि ती सुरेख चालत होती.

दोन सप्टेंबरला अलका काट्यावर चढली आणि काट्याचा दांडा साठाला स्थिरावला.

मी तिला उतरवून पुन्हा चढवलं. साठ. "दूध पितेस का?" मी विचारलं. ती मान खाली घालून म्हणाली, "आई देते." सात दिवसांत आठ पौंड. कोणतंही दूध पिऊन एवढं वजन वाढत नाही हे मला कळत होतं. पण आकडा मला हवा होता तोच होता, म्हणून मी तो वहीत लिहिला आणि बादलीतली आठ पौंड वाळू ओंजळीओंजळीनं पिशवीत परत भरली. पिशवी छप्पन्न झाली.

त्या आठवड्यात टीचर तिला सारख्या ओरडत होत्या. "पाय काय आपटतेस, अलका? पाखरू आहेस की हमाल?" अलका दम खायला वारंवार थांबत होती, कमरेवर हात ठेवून. तिच्या अंगात ताकद येतेय, म्हणून पाय जोरात पडतात, अशी मी स्वतःची समजूत घातली. मल्लाप्पालाही दोरीत काही खोट जाणवली नाही. "पोरगी आता बरोबर भरती बगा," तो म्हणाला. नऊ तारखेला पुन्हा साठ भरले.

दहा तारीख रविवार होती. शंकरपुरमजवळच्या एका शाळेचं सभागृह घेतलं होतं. साडेपाचला पडदा उघडला तेव्हा खुर्च्या भरून लोक भिंतींना टेकून उभे होते. तिसऱ्या ओळीत विठोजी, त्यांच्याजवळ जरीची साडी नेसलेली चंद्रा आणि तिच्या पलीकडे हुबळीची मंडळी: मुलाची आई जमनाबाई (माझ्याच नावाच्या, पण साठीच्या), मुलगा आणि एक काका. रत्नाबाई विंगेत होत्या, अलकाचे कपडे सांभाळायला.

पिसांचा पोशाख विठोजींनी शिवला होता. मळू नये म्हणून टीचरांनी तो त्या दिवसापर्यंत कुणाला घालू दिला नव्हता. त्याचं वजन मी आधीच धरलं होतं. सातव्या पाखराच्या नाचाआधी अलका तो बदलून आली आणि रंगवलेल्या झाडामागे उभी राहिली. मी तिच्या पट्ट्यात दोरीचा आकडा अडकवला. तिचे ओठ कोरडे होते. मल्लाप्पानं खुंटीची दोरी सोडून हातात घेतली. मृदंगावर ठरलेली थाप पडली आणि त्यानं रोजच्यासारखी दोरी ओढली.

ती रोजच्यासारखी गेली नाही. खालून कुणी फेकावी तशी वर गेली. मल्लाप्पाच्या मुठींतून दोरी सरसर सरकली. त्यानं पाय रोवले, दात आवळले आणि दोरी थांबवली तेव्हा अलकाचं डोकं तुळईच्या हातभर खाली होतं. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

वर ती हात पसरून संथ हलत होती. सात आवर्तनं झाली. आता उतरायचं.

"सोडा," मी म्हणाले.

"सोडलीय," मल्लाप्पा म्हणाला. त्यानं मला हात दाखवले. तळव्यांची साल निघाली होती आणि हातांत दोरी नव्हती. दोरी मोकळी लोंबत होती, पिशवी फळ्यांवर टेकली होती आणि अलका वरच होती. "पोरगी उतरंना, बाई. पिशवी जड हाय तिच्यापेक्षा."

मी मागे वळले. रत्नाबाई भिंतीशी उभ्या होत्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी अलकाचा रोजचा परकर छातीशी धरला होता. कापडाचा परकर कुणी असा दोन्ही हातांवर पेलून धरत नाही. मी त्याला हात लावला. नेफ्यात आणि घोळात बोटाएवढे कप्पे शिवले होते आणि त्यांत छापखान्यातले शिशाचे खिळे भरले होते, अक्षरं जुळवतात ते.

"टीचरांनी काढायला लावला," त्या म्हणाल्या. "पिसांखालून दिसत होता."

"यात वजन किती आहे?"

"मी मोजलं नाही. छापखान्यातल्या काट्यावर तिला उभी करून काटा साठाला यावा एवढंच बघत गेले."

आठ दिवस ती हे कमरेला बांधून नाचली होती.

विचार करायला वेळ नव्हता. पिशवी उचलून दोरीला झटका दिला असता तर ती खाली आदळली असती. मी गुडघ्यांवर बसले, पिशवीचं तोंड सोडलं आणि वाळू काढायला लागले. ओंजळ साधारण पाऊण पौंडाची होते. एक, दोन, तीन. बाहेर टीचरांनी प्रसंग ओळखून मृदंगवाल्याला खूण केली असावी, तेच आवर्तन पुन्हा सुरू झालं. पाच, सहा. पिशवी हलली नाही. वरून खोकल्याचा आवाज आला, एकदाच, दाबलेला. आठ. नऊ. माझ्या गुडघ्यांशी वाळूचा ढीग झाला होता आणि रत्नाबाई त्याच्याकडे पाहत होत्या. बाराव्या ओंजळीनंतर पिशवी फळीवरून बोटभर उचलली गेली आणि हळूहळू वर जायला लागली. मल्लाप्पानं सोललेल्या हातांनी दोरी धरली. अलकाचे पाय जमिनीला टेकले, तिनं नमस्कार केला आणि पडदा पडला.

ती विंगेत येऊन पेटीवर बसली. पिसं घामानं गळ्याला चिकटली होती. मी आकडा काढत होते तेवढ्यात हुबळीची मंडळी आत आली, विठोजी आणि चंद्रा त्यांच्या मागे.

"काय उडवलीत हो पोर," जमनाबाई म्हणाल्या. "आमच्या हुबळीला असलं काही बघायला मिळत नाही." त्यांनी वाकून अलकाचे दोन्ही गाल धरले आणि तिचा पापा घेतला. "दसऱ्याला हिला आमच्याकडे पाठवा, रत्नाबाई. माझी चार नातवंडं आहेत, सगळ्यात लहान आठ महिन्यांचं. त्यांच्यात झोपेल, खाईल, महिनाभर राहील. आता आपलंच घर झालं की."

चंद्रानं मान खाली घातली. हसू तिला लपवता येत नव्हतं.

रत्नाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नंतर त्या म्हणाल्या, "सरी, बरं. पाठवते की."

माझ्या नखांत वाळू होती. मी साडीला हात पुसले.

"ती येणार नाही," मी म्हणाले. "तिचं वजन दहा पौंडांनी उतरलंय आणि रोज संध्याकाळी ताप असतो. छातीचा आजार असावा. तपासल्याशिवाय तिला लहान मुलांत झोपवू नका."

बाहेर खुर्च्या सरकवल्याचा आवाज येत होता. जमनाबाईंचे हात अजून अलकाच्या गालांवर होते. त्यांनी ते सावकाश काढून घेतले, घाई दिसू नये एवढे सावकाश, आणि पदराच्या टोकानं ओठ पुसले. काका म्हणाले, "गाडीची वेळ होतेय." उद्या बोलणी होती, त्यांची गाडी आज नव्हती. ती मंडळी गेली आणि विठोजी त्यांच्यामागे काहीतरी समजावत, जवळजवळ धावत गेले.

चंद्रा तिथेच उभी होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आईच्या हातातला परकर घेऊन ती त्याची घडी घालू लागली, पण शिशामुळे ती नीट बसत नव्हती.

"झालं समाधान?" रत्नाबाई मला म्हणाल्या.

"मोठ्या दवाखान्यात आत्ता डॉक्टर असतात. तुम्ही येताय का?"

"मी तुमच्याबरोबर निघाले की ते खरं ठरलं. मला आधी त्यांना गाठू दे." त्यांनी आपली शाल अलकाच्या खांद्यांवर घातली, दोनदा गुंडाळली. "घेऊन जा. पोशाख बदलत बसू नका, वारा लागेल." एवढं बोलून त्या फाटकाकडे निघाल्या, पावलागणिक जास्त भराभर.

मल्लाप्पानं घोड्याचा जटका थांबवला आणि सोललेल्या हातांनीच अलकाला आत चढवलं. सव्वासात वाजले होते. ती माझ्या अंगावर रेलली तेव्हा शालीतून सुद्धा ऊब लागत होती. मी तिचे श्वास मोजले. मिनिटाला छत्तीस. पुन्हा मोजले, तेवढेच आले.

"अक्का, मी तुळईपर्यंत गेले होते ना?"

"हातभर राहिली होती."

"वरून सगळं दिसतं," ती म्हणाली. "सगळे माझ्याकडे बघत होते. ताईसुद्धा. आई तेवढी वाळूकडे बघत होती." तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत बराच वेळ गेला, आणि तिनं तोंडावरून शालीचं टोक बाजूला केलं तेव्हा मी त्यावरचा लाल डाग आत घेऊन ते घडी केलं आणि तिच्यापासून लपवलं.

जटकेवाल्याला मी घोडा जरा जोरात हाकायला सांगितलं.