काविळीची माळ

भूमिकाला रक्ताचा कॅन्सर आहे, हे वैशाखरे गावात फक्त तिच्या घरात माहीत होतं. मुलगी लग्नाची, म्हणून आईने गावाला कावीळ सांगितली होती. मुंबईहून केमोची इंजेक्शनं टोचून घेऊन आली की भूमिका शेजारणींनी आणलेला उसाचा रस निमूट प्यायची. मैत्रिणींशीही ती काविळीचंच बोलायची. रडू येणं कधीच थांबलं होतं.

रविवारी शेजारची रत्नप्रभाकाकी रसाचा पेला आणि वैदूची माळ घेऊन आली. ही माळ डोक्यावर ठेवतात. कावीळ उतरेल तशी ती वाढत जाऊन गळ्यात येते.

"स्कार्फ काढ गो. उघड्या डोक्यावर लागते."

"राहू दे आता, वयनी," आई म्हणाली.

"राहू दे कशी? डोंगर चढून आणलीय. आन एवढ्या उन्हात हिला काय थंडी वाजते?"

आईने नको म्हणून मान हलवली. भूमिकाने ते पाहिलं. मग स्कार्फ सोडला आणि घडी करून मांडीवर ठेवला.

डोक्यावर एकही केस नव्हता. काकीने माळ ठेवली. ती घसरून लगेच गळ्यात आली.

"उतरली कावीळ," भूमिका म्हणाली.

आई उठून आत गेली.

"खरं काय हाय?" काकीने विचारलं.

भूमिकाने आजाराचं नाव सांगितलं. घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदाच.

"दुखतं?"

"नाय. काहीच वाटत नाय."

काकी तिच्या शेजारी टेकून बसली.

"रस आवडतो तरी का तुला?"

"नाय."

काकीने पेला उचलला आणि स्वतःच पिऊन टाकला.