डब्यात राहिलेले शेवटचे रीळ

मी एक जुना प्रोजेक्टर आहे. मित्रांनो, चित्रगृहाच्या जिन्याखाली मोडक्या खुर्च्यांशेजारी मी पडून असतो. कारखान्यातून आलो तेव्हा माझा काय तोरा होता! आमचे ऑपरेटर रोज मऊ फडक्याने आधी माझे भिंग पुसत, मग स्वतःचा चष्मा.

सर्वांत जास्त गर्दी युद्धपटांना होई. पाहण्याजोगे युद्धपट कोणते, ते मला विचारा. एकात सैनिक शत्रूच्या जखमी पोराला पाणी पाजतो. एकात जिंकलेली पलटण गावी परतते, तर गावच उरलेले नसते. एकात म्हातारा बाप मेलेल्या मुलाचे ताट रोज वाढून ठेवतो. पण हे सारे असे शेवटच्या रिळात, आणि ऑपरेटरांनी एकदा चालवून तपासले की ते रीळ डब्यातच राही.

"विजय झाला की दिवे लावायचे," मालक बजावत. "रडवलेला माणूस पुन्हा तिकीट काढत नाही."

ऑपरेटर डब्याचे झाकण लावून टाकत.

आमच्या डोअरकीपरचा एकुलता एक मुलगा चांगला उंचापुरा गडी होता. ताटाचा चित्रपट त्याने कितीदा तरी पाहिला, अर्थात विजयापर्यंतच. "काका, काय झकास सिनेमा आहे हो! मी पण जाणार," असे ऑपरेटरांना म्हणाला आणि सैन्यात भरती झाला. तो परत आलाच नाही.

एका दुपारी डोअरकीपर वर आमच्या केबिनमध्ये आला. "त्याचा तो सिनेमा लावा. पूर्ण लावा."

रिकाम्या सभागृहात तो एकटाच बसला. ऑपरेटरांनी शेवटचे रीळ चढवले. पडद्यावरच्या बापाने ताट वाढले, तसा हा बाप उठून वर आला.

"एवढं होतं यात? आणि माझ्या पोराला दाखवलं नाहीत?"

"मालकांनी सांगितलं होतं..."

"तो मला विचारत होता हो, बाबा, जाऊ का? मी आपला दाराबाहेर उभा. मला नुसत्या टाळ्या ऐकू यायच्या. म्हटलं, जा बाळा."

ऑपरेटरांनी रीळ उतरवून पुन्हा डब्यात ठेवले. पुढच्या आठवड्यात मालकांनी पुन्हा युद्धपटच लावला, विजयापर्यंतच.

मित्रांनो, युद्धपट जरूर पाहा, पण शेवट पाहिल्याशिवाय उठू नका. एवढेच माझे मागणे. पण ते ऐकणार कोण? माझे भिंग फुटले, ती रिळे भंगारात गेली. वर नवे यंत्र आले आहे. आजही टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि जिना उतरणारी तरणी पोरे एकमेकांना विचारतात, "भरती कधी आहे रे?"