उशाचा दगड

मित्रांनो, फाटकाशी लाल अक्षर रंगवून उभा केलेला हा गोल दगड शोभेसाठी घडवलेला नाही. मी मळणीचा रूळ आहे, जुना आणि एका बाजूने झिजलेला. चीनमधल्या शांतुंगच्या डोंगरात पाथरवटाने मला घडवलं. मियाओ घराण्याच्या खळ्यावर मी खेचरामागून गव्हावर फिरलो. मग मळणीयंत्र आलं आणि मी भिंतीकडेला पडून राहिलो. कोंबड्या माझ्यावर बसत.

पुढे एका परदेशी कंपनीने बटाटा लावायला सगळ्या गावाची जमीन भाड्याने घेतली. तिची अवजारं इतकी रुंद, की मध्ये बांध नको, झाड नको, आणि थडग्यांचे उंचवटेही नकोत. आमच्याकडे माणसाला त्याच्याच शेतात पुरतात. मियाओ तेलूची बायको अशीच गव्हात निजली होती. गावप्रमुख शू समजूत घालायला आला, तेव्हा तेलू म्हणाला, "करा सपाट. तिला भरलेलं शेत आवडायचं. पडीक ठेवलं तर मलाच बोल लावील."

खूण म्हणून त्याने मला तिच्या उशाशी, जमिनीत पुरून ठेवलं.

पीक असं आलं, की गावाने कधी पाहिलं नव्हतं. खोटं कशाला सांगू? तेलू त्याच शेतात मजुरीने बटाटे वेचू लागला. माझ्यापाशी आला की तो वळसा घालून जाई. मुकादम विचारायचा, "आजोबा, सरळ ओळीत चालायला काय होतं तुम्हाला?"

"बायको झोपलीय," तेलू म्हणायचा. "उठली तर तुलाच कामाला लावील."

पण थंडीत जमीन गोठून फुगते आणि दगडाला वर ढकलते. एका हंगामात काढणीयंत्राचं पातं माझ्यावर आपटून तुटलं. तेलू त्या दिवशी दवाखान्यात गेला होता. मला साखळदंडाने ओढून कंपनीच्या फाटकाशी आणलं आणि माझ्यावर 'समृद्धी' अशा अर्थाचं लाल अक्षर रंगवलं.

तेलूने तक्रार केली नाही. जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर बसून त्याने शहरात कारखान्यात काम करणाऱ्या मुलीला, च्याओयुनला, फोन लावला. वसंतात पितरांच्या दिवशी ये, आईची जागा दाखवून ठेवतो, म्हणाला. तिला सुट्टी मिळणार नव्हती.

"पुढच्या वर्षी येते, बाबा. तुम्हाला ठाऊक आहे ना जागा, मग झालं."

"मला ठाऊक असून काय उपयोग," तो म्हणाला, आणि मग थंडीवाऱ्याचं बोलत राहिला.

त्याच हिवाळ्यात तो गेला. च्याओयुन अस्थींची पेटी छातीशी धरून आली. नवराबायकोला शेजारी ठेवायची रीत आहे. कंपनीच्या साहेबानेही हरकत घेतली नाही, फक्त जागा दाखवा म्हणाला. समोर सगळीकडे सारखीच माती होती.

"शूकाका, माझी आई कुठे होती हो?"

शूने हात वर केला, खाली घेतला, पुन्हा वर केला. "तिकडे असावी, पोरी."

माझ्यादेखत त्यांनी खड्डा खणला. ती जागा नव्हती. तिची आई बरीच पूर्वेला होती. च्याओयुनने पितरांसाठीचे कागदी पैसे जाळले आणि हळूच म्हणाली, "आई, बाबांना आणलंय."

आता त्या दोघांच्या मधून बटाट्याच्या ओळी जातात. पीक उत्तम येतं.

मित्रांनो, जमीन सुधारायला निघालात तर जरूर सुधारा. पण एखादा दगड हलवण्याआधी तो कुणी आणि कशासाठी ठेवला, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. ते माणूस आहे तोवर विचारा.