बशीवर उतरलेला हिरवा रंग

मित्रांनो, माझ्या जोडीचा कप फुटला, तेव्हापासून मी एकटीच आहे. मी चिनी मातीची जुनी पांढरी बशी. भट्टीतून निघाले तेव्हा माझ्या काठाला सोनेरी रेघ होती. पापडी गावातल्या या घरात मी सुभद्राबाईंच्या लग्नात आले आणि बरीच वर्षं पाहुण्यांपुढे मिरवले. मग काठाचा टवका उडाला. माझ्यात आधी लोणचं वाढलं जाऊ लागलं, नंतर मांजराचं दूध.

गेल्या पावसाळ्यात सुभद्राबाईंचे यजमान काशीराम वाडीतून अळंबी घेऊन आले. ती खाऊन दोन तासांत सगळं घर उलट्यांनी हैराण झालं. सून हेमांगीला तर सलाईन लावावं लागलं. तरी ठपका तिच्यावरच आला. आचोळ्याच्या बिल्डिंगमध्ये वाढलेली मुलगी, तिला अळंबी नीट धुता येत नाही, असं सासूबाईंनी शेजारच्या क्लाराला सांगितलं. त्यानंतर तिच्या हातच्या प्रत्येक भाजीचा आधी वास घेतला जाई. हेमांगी गप्प राहिली, म्हणून चूक तिचीच ठरली.

यंदा काशीरामांनी पुन्हा तशीच अळंबी आणली. पांढरी, छत्रीसारखी ऐसपैस, डोक्यावर तपकिरी खवले. हेमांगीने विळी ओढली नाही. खायच्या, वारुळावरच्या अळंबीला खाली लांब मूळ असतं; हिला नव्हतं. तिने कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या रीमाला, आपल्या मैत्रिणीला, फोन केला. मग मला घासून पुसलं, एका उमललेल्या अळंबीचा दांडा कापून तिची छत्री माझ्यावर टेकवली आणि वर वाडगा झाकला.

काशीराम दुखावले. चाळीस वर्षं अळंबी ओळखतो, आता सून माझ्यावर संशय घेणार का, असं ते म्हणाले.

"तुमच्यावर नाही, बाबा. अळंबीवर," हेमांगी म्हणाली आणि तिने भेंडी चिरायला घेतली.

त्या वाडग्याखाली मला काही चैन पडेना. अंगावर काहीतरी बारीक भुरभुरत होतं.

संध्याकाळी तिने छत्री उचलली. माझ्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा उमटल्या होत्या, मळकट हिरव्या. रीमाने सांगितलं होतं, अळंबीच्या छत्रीखालून बारीक भुकटी गळते; ती हिरवी उतरली तर अळंबी पोट बिघडवणारी.

काशीरामांनी मला खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. मग ते बायकोला म्हणाले, "गेल्या वर्षीबी हीच होती. मीच आनलेली. पोरीचा काय दोष नव्हता."

सुभद्राबाईंनी सगळी अळंबी खड्ड्यात पुरली. दुसऱ्या दिवशी कुंपणापाशी क्लाराला बोलावून सगळं सांगितलं, हेमांगीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

आता मी शोकेसमध्ये असते. ही बशी विष ओळखते, असं लोक म्हणतात. मित्रांनो, तसं मुळीच समजू नका. मला ही एकच ओळखता आली. हिच्याहून कितीतरी जहरी अळंब्या पांढरी भुकटी सोडतात, आणि पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. मी कोरी दिसले, तर मला काही कळलेलं नाही एवढाच त्याचा अर्थ. त्या भरवशावर घास उचलू नका.